एक रकाना, अनेक फंक्शन्स : मावळच्या पावसाच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा आढावा

लोणावळ्याच्या पावसाची नोंद म्हणजे आकड्यांचा एक लांबलचक रकाना. रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तारखेपुढे लिहायचा, एवढीच त्याची रीत. हा रकाना उघडणारा प्रत्येक जण मात्र त्याला वेगळा प्रश्न विचारतो. कामशेतच्या भात उत्पादकाला रोपे टाकल्यानंतर सलग किती दिवस कोरडे गेले ते हवे असते. वलवण, शिरोता आणि लोणावळा तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राकडे उतरते. त्या तलावांचे नियोजन करणाऱ्याला हंगामाची बेरीज लागते. भोर घाटातली रेल्वे सांभाळणाऱ्याला एका दिवसातला सर्वाधिक पाऊस आणि त्याआधीच्या चार दिवसांची साठवण महत्त्वाची वाटते. अतिवृष्टीचे दिवस किती, हा प्रशासनाचा प्रश्न. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे सगळे प्रश्न म्हणजे फंक्शन्स आहेत : बेरीज, सरासरी, कमाल, मोजणी, सलगता. डेटा तोच, फंक्शन्स अनेक. ती एकेक करून चालवायची, की एकाच रूटीनमध्ये सगळी एकदम? प्रश्न हाताळणीचा वाटतो, आणि गेल्या साठ वर्षांत तो बराचसा तसाच हाताळला गेला : वेळ किती लागतो, कोड किती ओळींचा होतो. त्यामागचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. एकत्र बांधलेली फंक्शन्स खरोखर एकाच डेटाबद्दल बोलत असतात का? या लेखात दोन्ही प्रश्नांची आजची स्थिती पाहायची आहे.

पार्श्वभूमी

फंक्शन हेच दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते, ही कल्पना जॉन मकार्थी यांच्या १९६० च्या लिस्पवरील निबंधात आहे. यादीच्या प्रत्येक भागावर दिलेले फंक्शन चालवण्याची सोय तिथे होती. १९६२ मध्ये केनेथ आयव्हर्सन यांनी एपीएलचा पाया घातला आणि संपूर्ण रकान्याची बेरीज किंवा कमाल एका चिन्हात मांडता येऊ लागली. पण ही दोन्ही उदाहरणे एका फंक्शनची. अनेक फंक्शन्स एकाच वस्तूवर शेजारी शेजारी चालवण्याला स्वतंत्र स्थान दिले ते जॉन बॅकस यांनी. फोरट्रानच्या या जनकाने १९७७ च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात प्रोग्रॅम जोडण्याचे मोजके प्रकार सांगितले. त्यांतला एक, ज्याला ते ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणतात, नेमका आपला विषय आहे : फंक्शन्सची एक मालिका एका वस्तूवर लावा, तितक्याच उत्तरांची मालिका मिळेल. त्याच्या शेजारी त्यांनी ‘कॉम्पोझिशन’ ठेवले. त्यात पहिल्या फंक्शनचे उत्तर दुसऱ्याला जाते. ‘शेजारी शेजारी’ आणि ‘एकामागून एक’ हा भेद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

डेटाबेसचे जग याच सुमारास वेगळ्या वाटेने तिथे पोहोचले. एडगर कॉड यांच्या १९७० च्या संबंधात्मक प्रतिमानावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. तालुक्यानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटाची बेरीज, सरासरी, कमाल द्या, हे तिच्यात एका वाक्यात सांगता येते. संख्याशास्त्राच्या बाजूने १९७६ पासून बेल लॅब्जमध्ये ‘एस’ आणि नव्वदच्या दशकात तिची वारसदार ‘आर’ आली. आरमधल्या ‘अ‍ॅप्लाय’ कुळातल्या फंक्शन्सवर एक पिढी वाढली. हॅडली विकम यांनी २०११ मध्ये ‘तोडा, लावा, जोडा’ अशी या कामाची तीन पायऱ्यांची मांडणी लोकप्रिय केली. पायथॉनच्या बाजूला वेस मकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेले पांडास हे पॅकेज आले, आणि त्यातल्या ‘अ‍ॅग’ला फंक्शन्सची यादी देणे हा आज हिंजवडीपासून तळेगावपर्यंत कुठल्याही डेटा विश्लेषकाच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

तीन भूमिका

आजच्या वापरात तीन भूमिका ठळक दिसतात.

पहिली भूमिका सुटेपणाची. प्रत्येक माप स्वतंत्र ओळीत काढा, त्याला स्वतःचे नाव द्या, स्वतःची तपासणी द्या. कोड लांबतो, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कोणता आकडा कुठून आला ते दिसते, आणि एक माप चुकले तर बाकीची अडत नाहीत. विज्ञानातल्या कामात, जिथे प्रत्येक आकड्यावर प्रश्न येणार हे ठरलेलेच असते, तिथे हे म्हणणे वजनदार आहे.

दुसरी भूमिका गठ्ठ्याची. फंक्शन्सची यादी हीच एक वस्तू माना आणि ती हव्या त्या डेटावर लावा. लोणावळ्यासाठी ठरवलेला मापांचा संच ठोकळवाडीला, पवनेला, वडगावला जसाच्या तसा लागू होतो. कोणत्याही केंद्राच्या वाट्याचे एखादे माप विसरले असे होत नाही. क्लोजरमधले ‘जक्स्ट’, जावाच्या १२ व्या आवृत्तीत २०१९ साली आलेले ‘टीइंग’, आरच्या डीप्लायर पॅकेजमधले २०२० चे ‘अ‍ॅक्रॉस’ ही सगळी याच विचाराची अपत्ये. या बाजूचे सर्वांत चांगले उदाहरण भाषांबाहेरचे आहे. हवामान बदलाच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तापमान आणि पावसाचे २७ निर्देशांक ठरवून दिले, आणि ते दैनंदिन नोंदींवरून एकदम काढणारी आरक्लिमडेक्ससारखी सॉफ्टवेअर्स जगभर वापरली गेली. वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात ते अशा सामायिक गठ्ठ्यामुळेच.

तिसरी भूमिका म्हणते, काय हवे ते फक्त सांगा. कसे करायचे ते यंत्रणेवर सोपवा. एसक्यूएलची ही मूळ वृत्ती. रिची विंक यांनी २०२० मध्ये सुरू केलेले पोलार्स तिला डेटाफ्रेमच्या जगात घेऊन आले. तिथे मापे आधी नुसती नोंदवता येतात, मग यंत्रणा त्यांतली सामायिक पायरी एकदाच करते आणि उरलेली कामे प्रोसेसरच्या गाभ्यांत वाटून देते.

या तिघांमध्ये वाद आहे, पण तो वाटतो तितका टोकाचा नाही. दुसरी आणि तिसरी भूमिका एकत्र नांदतात. पहिल्या भूमिकेचे लोकही शंभर केंद्रे समोर आली की गठ्ठाच बांधतात.

एका फेरीत काय मावते

वेगाचा मुद्दा बऱ्यापैकी निकालात निघाला आहे. एका केंद्राच्या शंभर वर्षांच्या दैनंदिन नोंदी म्हणजे ३६,५२५ आकडे. त्यावर दहा फंक्शन्स दहा वेळा चालवली तरी लॅपटॉपला कळणारही नाही. पण पुण्याच्या हवामान विभागाने तयार केलेला चौकटीवारी पाऊस घ्या : ०.२५ अंशांची जाळी, १३५ गुणिले १२९ बिंदू, म्हणजे वर्षाला सुमारे ६४ लाख खाने. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ ते २०१० चा हा संच मांडला, त्यात सुमारे ७० कोटी खाने होतात. प्रत्येक मापासाठी तो पुन्हा पुन्हा वाचणे महाग पडते. गणितापेक्षा मेमरीतून आकडे आणण्यातच वेळ जातो. इथे एका फेरीत सगळी मापे काढण्याचा फायदा खरा असतो.

कोणती मापे एका फेरीत मावतात, याचे उत्तम वर्गीकरण जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केले. बेरीज, मोजणी, कमाल, किमान ही तुकड्यातुकड्यांनी काढून जोडता येतात. सरासरी आणि प्रमाण विचलन थेट जोडता येत नाहीत, पण दोन-तीन सहायक आकडे सोबत नेले की जमते. विचलनासाठी बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये दिलेली रीत अजून वापरात आहे. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करण्याच्या सोप्या दिसणाऱ्या सूत्रात मोठ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि अचूकता जाते. तिसरा वर्ग हट्टी आहे. मध्यक आणि शतमके यांना सगळा डेटा एकत्र समोर हवा असतो. एका फेरीत अचूक मध्यक काढायचा तर जवळजवळ सगळेच हाताशी ठेवावे लागते, नाहीतर टी-डायजेस्टसारख्या अंदाजी रीतीवर समाधान मानावे लागते. फंक्शनल भाषांच्या अभ्यासकांनी दोन घड्या (फोल्ड, म्हणजे यादीवरून एकदा फिरून एक उत्तर काढण्याची रीत) एका घडीत विलीन करण्याचे नियम सिद्ध केले आहेत, आणि ते पहिल्या दोन वर्गांना चपखल लागू होतात. तिसऱ्यासाठी ते हात वर करतात.

पावसाच्या बाबतीत ग्रे यांच्या वर्गीकरणाबाहेरचा एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. बेरीज आणि कमाल यांना दिवसांचा क्रम कळत नाही. आकडे पिसून दिले तरी उत्तर तेच येते. सलग कोरडे दिवस किंवा सलग पाच दिवसांचा सर्वाधिक पाऊस ही मापे मात्र क्रमावरच उभी आहेत. महिन्यानुसार गट पाडून दोन्ही प्रकारची फंक्शन्स एकाच गठ्ठ्यात लावली, की २९ जुलैला सुरू होऊन २ ऑगस्टला ओसरलेली झड दोन गटांत तुटते. बेरजा बरोबर येतात, पाच दिवसांचे माप चुकते, आणि तक्त्यात दोन्ही सारख्याच दिमाखात शेजारी बसतात. निर्देशांकांच्या सॉफ्टवेअरमध्ये सलग मालिका वर्षाची सीमा ओलांडू शकते का, हा पर्याय वेगळा ठेवावा लागतो तो यामुळेच.

नोंद नसलेला दिवस

या संपूर्ण विषयातली सर्वांत अवघड जागा ही. सह्याद्रीच्या माथ्यावर नोंद तुटते ती बहुधा नको त्या वेळी. जोराच्या पावसात आणि वाऱ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक कमी मोजतो. वीज जाते, संपर्क तुटतो. म्हणजे रिकामा राहिलेला दिवस सहसा साधा दिवस नसतो.

आता गठ्ठ्यातले प्रत्येक फंक्शन या रिकाम्या जागेशी कसे वागते ते पाहा. आरमधली सरासरी एक जरी नोंद नसली तरी उत्तर द्यायला नकार देते. तसे स्पष्ट सांगितले तरच ती रिकामी जागा वगळते. पांडास काही न विचारता वगळते. एसक्यूएलचीही बेरीज आणि सरासरी वगळतात, पण सगळ्याच नोंदी रिकाम्या असतील तर बेरीज ‘माहीत नाही’ असे उत्तर देते. पांडासमध्ये २०१७ च्या अखेरीच्या ०.२२ आवृत्तीपासून अशा पूर्ण रिकाम्या गटाची बेरीज शून्य येते. आरमध्येही, वगळायला सांगितले असेल तर, शून्यच. गणिताच्या अंगाने हे सुसंगत आहे, रिकाम्या संचाची बेरीज शून्यच मानतात. लोणावळ्याच्या जुलैसाठी मात्र याचा अर्थ असा, की महिनाभर मापक बंद होता आणि तक्ता सांगतो पाऊस पडलाच नाही. त्याच ओळीत सरासरी ‘माहीत नाही’ आणि कमाल आरमध्ये ‘उणे अनंत’ दिसते. एकाच डेटाबद्दलची तीन उत्तरे एकमेकांशी बोलत नाहीत.

पांडासमध्ये किमान किती नोंदी असल्याच पाहिजेत हे सांगण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक फंक्शनला नाही, आणि गठ्ठ्याला एकदाच सांगून भागत नाही. सुटेपणाच्या बाजूचे लोक इथे म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. गठ्ठ्याच्या बाजूचे म्हणतात, प्रत्येक गठ्ठ्यात वैध नोंदींची मोजणी हे पहिले फंक्शन म्हणून ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला सावध होता येईल. मला दुसरा उपाय व्यवहार्य वाटतो, कारण तो सुटसुटीतपणा राखून अर्थ वाचवतो. पण तो अजून सवयीवर अवलंबून आहे. फंक्शन्सची यादी देताना ही मोजणी आपणच जोडावी लागते.

शेजारी की एकामागून एक

बॅकस यांनी केलेला भेद इथे कामाला येतो. गठ्ठ्यातली फंक्शन्स शेजारी शेजारी चालतात असे आपण गृहीत धरतो, पण सगळीकडे तसे नसते. एसक्यूएलमध्ये एका वाक्यातली सगळी मापे मूळ डेटावरच चालतात. डीप्लायरच्या ‘समराइझ’मध्ये मात्र नुकतेच काढलेले उत्तर लगेच पुढच्या ओळीला दिसते. ‘पाऊस’ या रकान्याच्या सरासरीला पुन्हा ‘पाऊस’ हेच नाव दिले, आणि पुढच्या ओळीत ‘पाऊस’चे विचलन मागितले, तर विचलन त्या एकट्या सरासरीचे निघू पाहते आणि उत्तर रिकामे येते. दस्तऐवजात हे नोंदलेले आहे आणि काही कामांत उपयुक्तही आहे. तरीही वाचताना शेजारी वाटणारी दोन वाक्ये इथे एकामागून एक चालतात, हे लक्षात ठेवावे लागते.

भूगोलात हा भेद आणखी जड होतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पुणे शहरात साधारण सातशे. मधल्या साठ-पासष्ट किलोमीटरांत, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेला यावे तसा तो झपाट्याने उतरतो. ०.२५ अंशांच्या जाळीत लोणावळा आणि कामशेत एकाच बिंदूच्या वाट्याला येतात. म्हणजे आपल्या फंक्शनच्या आधी एक सरासरी होऊन गेलेली असते. त्यावर काढलेली कमाल ही सरासरीची कमाल. ती केंद्रांच्या कमाल आकड्यांच्या सरासरीइतकी किंवा तिच्याहून कमी असणार, जास्त कधीच नाही. क्रम बदलला की उत्तर बदलते. त्या चौकटीत ‘अत्यंत जोरदार’ दिवस कमी निघाले, तर ते पावसामुळे की फंक्शन्सच्या क्रमामुळे, हे तक्त्यावरून ओळखता येत नाही.

नावे आणि व्याख्या

२०१७ मध्ये पांडासच्या ०.२० आवृत्तीने मापांना नावे देण्याची जुनी, गुंतागुंतीची रीत बाद ठरवली. २०१९ च्या ०.२५ मध्ये नावासह रकाना आणि फंक्शन सांगण्याची स्पष्ट पद्धत आली. तेव्हापासून गठ्ठ्याचे तक्ते वाचायला बरेच सोपे झाले.

तेच नाव म्हणजे तेच फंक्शन, असे मात्र नाही. पायथॉनचेच नमपाय हे पॅकेज प्रमाण विचलन काढताना एकूण संख्येने भागते, पांडास आणि आर एक कमी करून. पांडासच्या गठ्ठ्यात नमपायचे विचलन दिले तरी आत गुपचूप पांडासचे स्वतःचे चालत असे. २०२३ च्या २.१ आवृत्तीपासून याबद्दल इशारा येऊ लागला. पावसातही असेच. हवामान विभागाचा ‘पावसाचा दिवस’ २.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, आंतरराष्ट्रीय निर्देशांकांतला ओला दिवस १ मिलिमीटरपासून. मावळातल्या भुरभुरीच्या दिवसांत हा दीड मिलिमीटर निर्णायक ठरतो. सप्टेंबरमधली कोरडी सलगता एका व्याख्येने लांबते, दुसऱ्या व्याख्येने मध्येच तुटते. दोन्ही गठ्ठे निर्दोष आहेत. ते मिसळले की घोळ होतो.

एकच डेटा, वेगळे निष्कर्ष

या प्रश्नाचे सार्वजनिक वजन कळायचे तर एक खरा वैज्ञानिक मतभेद पाहावा. २००६ मध्ये भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० च्या चौकटीवारी पावसाचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये मांडला. गोस्वामी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक होते. मध्य भारतात हंगामाच्या सरासरीत ठळक कल नव्हता. पण १०० मिलिमीटरच्या वरच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. एकटी सरासरी काढली असती तर काहीच बदलले नाही असे दिसले असते. तीन फंक्शन्स शेजारी ठेवली म्हणून चित्र उलगडले. अनेक फंक्शन्स एकत्र चालवण्याचे याहून भक्कम समर्थन मला ठाऊक नाही.

२०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये वेगळी साधने लावून सांगितले, की अतिवृष्टीत देशभर एकसारखा कल नाही, वाढते आहे ती जागोजागची तफावत. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. या तिन्ही अभ्यासांत कोणी चुकले असे म्हणण्याचे कारण नाही. उंबरठा, आधी जागेवर एकत्र करणे की आधी मोजणे, ठरावीक आकडा की स्थानिक शतमक, या निवडी वेगळ्या होत्या. मावळासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : गोस्वामी यांच्या अभ्यासाची चौकट ७४.५ पूर्व रेखांशापासून सुरू होते आणि लोणावळा ७३.४ वर आहे. घाटमाथा त्या निष्कर्षात नाही.

काय उरले आहे

तीन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. गठ्ठ्यातल्या एका फंक्शनने एक आकडा द्यायचा, की शतमकांसारखे अनेक, यावर साधनांचे एकमत नाही. डीप्लायरने २०२३ मध्ये अनेक ओळी देणाऱ्या कामासाठी ‘रीफ्रेम’ वेगळे काढले. पांडास तक्त्याला थरांची शीर्षके जोडते. एक फंक्शन अडखळले तर बाकीच्यांची उत्तरे द्यावीत की सगळेच थांबवावे, हेही ज्याच्या त्याच्या धोरणावर आहे. हवामानाच्या कामात मला उत्तरे देऊन दोष नोंदवणे पटते, पैशांच्या हिशेबात थांबणे.

तिसरी गोष्ट वेळेच्या मापाची. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या ओढ्यात पाणी एकाएकी चढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा प्रसंगाला दिवसाची बेरीज अपुरी आहे. पंधरा मिनिटांचा किंवा तासाचा आकडा लागतो. महावेध प्रकल्पातून महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आणि बारीक अंतराच्या नोंदी मिळू लागल्या. पण दैनंदिन नोंदींसाठी घडवलेला मापांचा गठ्ठा या नोंदींवर तसाच लावता येत नाही. सकाळी साडेआठच्या सीमेने दिवस जोडायचा की मध्यरात्रीच्या, सर्वाधिक तास घड्याळाच्या काट्यावरचा की सरकता, आणि शंभर वर्षांच्या दैनंदिन मालिकेशी दहा वर्षांची तासिक मालिका एका तक्त्यात ठेवायची तर कोणती फंक्शन्स दोन्हीकडे समान अर्थाने चालतात, हे ठरवणारा सामायिक संच घाटमाथ्यासाठी अजून घडवायचा आहे.